साधे राहाल तर पगार वाढणार नाही म्हणे!

नौपाडकर

काल इथे एका भाऊंनी पोस्ट टाकली आणि तिला धडाधड लाईक पडले. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: भाऊ नवी मुंबईत ऐरोलीला आयटीत आहेत. लोकलने जातात, घरचा डबा नेतात, फोन जुना, गाडी नाही, गृहकर्ज फेडून मोकळे. यंदा त्यांना ८ टक्के वाढ मिळाली आणि शेजारच्या डेस्कवाल्याला १०. का, तर त्याच्या डोक्यावर फ्लॅटचा आणि गाडीचा हप्ता आहे आणि हे मॅनेजरला ठाऊक आहे. भाऊंचा निष्कर्ष: साधेपणाने राहणाऱ्याला कंपनी गृहीत धरते, म्हणून अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाची वाढ ठरायच्या, आधी एखादा मोठा हप्ता चालू करा. खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग.

वाचून सकाळ नासली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हिशेब. समजा पगार वर्षाला १२ लाख. त्यावर ८ आणि १० टक्क्यांत फरक वर्षाला २४ हजारांचा, म्हणजे महिन्याला २ हजार. तोही कर कापायच्या आधीचा. ८ लाखांचं कारलोन ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता जातो १६,६०० च्या आसपास. दोन हजार मिळावेत म्हणून साडेसोळा हजार घालवायचे, वर पेट्रोल, विमा आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडणं!

आता मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. त्याला टीमसाठी एक ठरावीक रक्कम मिळते. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कापावं लागतं. तेव्हा तो एवढंच बघतो, की यातला कोण सोडून जाईल आणि गेला तर माझं किती अडेल. दोन हप्ते असलेला कुठे जाणार? तो शनिवारीही येईल आणि वर 'थँक यू सर' म्हणेल. उलट ज्याच्या खात्यात वर्षभराचा खर्च पडून आहे, तो ९० दिवसांच्या नोटीस पिरियडचे पैसे भरून उद्या उठून जाऊ शकतो. हुकमाचा पत्ता काटकसर करणाऱ्याकडेच असतो, पण तो पत्ता त्याने हातात धरलाय हे समोरच्याला कळायला तर हवं! भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत आणि एचआरसमोर 'ठीक आहे मॅडम'. वाढ डब्यामुळे अडली नाही, तोंड उघडलं नाही म्हणून अडली.

वाघबीळवाला

ठाण्याच्या नौपाड्यात वाडवडिलांची जागा, तिचं रिडेव्हलपमेंट, स्टेशन चालत दहा मिनिटांवर. काटकसरीचे धडे द्यायला अजून काय लागतं? आम्ही घोडबंदरला हप्त्यावर राहतो साहेब. आमच्यासाठी हप्ता म्हणजे अप्रेझलची युक्ती नाही, तेच आमचं घर आहे.

आणि तो हिशेब अर्धवट आहे. २ टक्के एका वर्षापुरते नसतात. १२ लाखांवर दरवर्षी १० टक्के मिळत गेले तर दहा वर्षांनी पगार ३१ लाखांवर जातो, ८ मिळाले तर २६ च्या आतच राहतो. दहाव्या वर्षी ५ लाखांचा फरक. हे का नाही लिहिलंत?

राहिली गाडी. मी गाडी घेतली आणि त्याच वर्षी टीम लीड झालो. माझा मॅनेजर माजिवड्याला राहतो. येताना त्याला सोडतो. गाडीत जे बोलणं होतं ते मीटिंग रूममध्ये जन्मात होत नाही. ट्रान्स-हार्बरला, म्हणजे ठाणे-वाशी लोकलला, लटकून तुमच्या टॅलेंटची जाहिरात कोण करणार?

कळवा_पूर्व

म्हणजे प्रमोशन गाडीला मिळालं की ड्रायव्हरला?

वाघबीळवाला

@कळवा_पूर्व तोंड सांभाळून. कामाच्या जोरावर झालोय लीड.

नौपाडकर

@वाघबीळवाला मग कामाच्या जोरावर झालात असंच लिहायचं होतं, गाडी मध्ये कशाला आणलीत? आणि सलग दहा वर्षं १० टक्के देणारी कंपनी सापडली तर पत्ता द्या, मीच अर्ज करतो. जागेचं म्हणाल तर ती वडिलांची आहे, नाकारत नाही. पण तुमच्या मॅनेजरला तुमचा हप्ता माहीत आहे म्हणूनच तो तुम्हाला रविवारीही फोन करू शकतो, यावरही विचार करा.

कळवा_पूर्व

अवांतर: वाघबिळाहून ऐरोलीला गाडीने जाणाऱ्यांनी कृपया विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकण्याचा वेळ पगारातून वजा करावा. पावसात तिथे पाणी भरलं की तुमची एसयूव्ही आणि माझी रिक्षा एकाच रांगेत.

वाघबीळवाला

विटाव्याहून जातंय कोण? मुलुंडहून ऐरोली पूल. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल माफ आहे, ४५ रुपये वाचतात.

नौपाडकर

टोल माफ झाल्याचा आनंद असा, की जणू गाडी फुकट मिळाली.

कोपरीचा_प्रवासी

टोल माफ झाल्यापासून ऐरोली पुलावर संध्याकाळी जी गर्दी असते ती बघा एकदा. त्यापेक्षा लोकल. ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून बसायला मिळालं तर ऐरोली कधी आली कळतही नाही. ट्रान्स-हार्बर २००४ ला सुरू झाली तेव्हा डबे रिकामे असायचे, लोक पाय पसरून झोपायचे. आता उभं राहायलाही नशीब लागतं.

वाघबीळवाला

तुम्ही कोपरीत राहता, तुम्हाला दहा नंबर दारातच. मला वाघबिळाहून स्टेशनपर्यंत पोचायलाच मेट्रोच्या खांबांमधून एक तास. सरळ ऐरोलीला जाणारी भरवशाची बस द्या, उद्या गाडी विकतो.

कळवा_पूर्व

गाडी विकू नका, मॅनेजर चालत जाईल.

दिघ्याचा_दादा

आमच्याकडे जानेवारी २०२४ ला दिघागाव स्टेशन सुरू झालं. त्याआधी किती महिने तयार होऊन नुसतं उभं होतं, उद्घाटनाला मुहूर्त मिळत नव्हता. त्याबद्दल कोणी धागा काढला नाही. सगळे आपले मुलुंड आणि माजिवडा!

एचआरवाली_घणसोली

दिघा, टोल, पूल झालं असेल तर मूळ विषयाकडे येऊ का?

मी याच खात्यात आहे म्हणून सांगते. कुठल्याही शीटमध्ये 'हप्ता आहे का' असा कॉलम नसतो. रेटिंग असतं, त्या पदासाठी बाजारात चाललेल्या पगाराच्या मानाने तुम्ही कुठे आहात हे असतं, आणि बजेट. बऱ्याच ठिकाणी बेल कर्व्ह असतो, म्हणजे सगळेच उत्तम असले तरी सगळ्यांना उत्तम देता येत नाही. आणि हो, गेला तर अवघड जाईल अशा लोकांची यादी मॅनेजरकडून मागतात. ती यादी डबा बघून होत नाही. ८ विरुद्ध १० हा फरक बहुतेक वेळा रेटिंगच्या एका पायरीचा असतो. भाऊंनी शेजाऱ्याचं रेटिंग विचारलं होतं का?

वाशी_स्लो

कॉलम नसतो मॅडम, मॅनेजरच्या डोक्यात असतो.

मागच्या अप्रेझलला मला चांगलं रेटिंग होतं, लेखी. तरी टीममधल्या पुरुष सहकाऱ्याला जास्त वाढ मिळाली. विचारलं तर सर हसून म्हणाले, "तुमचे मिस्टर चांगल्या जागी आहेत ना, त्याच्यावर मात्र त्याचं घर चालतं." त्याच्यावर घर चालतं! माझ्या पगारातून सासूबाईंचं डायलिसिस चालतं, हे ऑफिसात सांगत फिरायचं का? मी साधी राहते, कारण पैसे तिकडे जातात. त्यांना वाटतं, हौस म्हणून नोकरी करते.

तेव्हा नौपाडकर, 'गरज कोणी बघत नाही' हे पुरुषांनी पुरुषांना सांगावं.

कोपरीचा_प्रवासी

ताई, हे बेकायदा आहे. एकाच कामासाठी बाई आणि पुरुष असा पगारात भेद करता येत नाही. १९७६ चा समान वेतन कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेतही तेच आहे.

वाशी_स्लो

ठाऊक आहे दादा. सर हसून बोलले, लिहून नाही दिलं.

वागळे_इस्टेट_निवृत्त

तुमच्या या वैयक्तिक वाढीच्या भानगडीमुळेच हे होतं. आमच्या वागळे इस्टेटच्या कारखान्यात युनियन मागणीपत्र द्यायची, तीन वर्षांचा करार व्हायचा, प्रत्येक ग्रेडला ठरलेली रक्कम. कोण सायकलने येतो, कोणाची बायको नोकरी करते, याचा संबंध नाही. तेव्हा आयटीवाले आम्हाला हसायचे. आता बसा टक्के मोजत.

नौपाडकर

काका, त्या कारखान्याच्या जागेवर आज आयटी पार्क आहे, हेही सांगा.

वागळे_इस्टेट_निवृत्त

कारखाना पगारवाढीने बंद पडला नाही. जागेला भाव आला म्हणून बंद पडला. लिहिण्याआधी माहिती घेत जा.

बेलापूर_शासकीय

आमच्याकडे वर्षाला ३ टक्के, साधा राहा नाहीतर सोन्याची साखळी घाला. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनचं काय झालं, यावर कोणी...

एचआरवाली_घणसोली

पेन्शनचा वेगळा धागा काढा, प्लीज.

कालचा_पोस्टवाला

काल पोस्ट टाकणारा मीच. गाडी घ्या असं मी शब्दशः म्हटलं नव्हतं, ते उपहासाने होतं. शेजाऱ्याचं रेटिंग विचारलं आज. दोघांचं सारखंच. तेव्हा पायरीचा फरक वगैरे नाही. फक्त तो फेब्रुवारीत मॅनेजरला म्हणाला होता, की बाहेरून फोन येतायत, हप्ते आहेत म्हणून विचार करावा लागेल.

नौपाडकर

म्हणजे त्याने हप्ता नाही, बाहेरचा फोन विकला! मी वेगळं काय लिहिलं होतं?

वाघबीळवाला

हप्ता नसता तर तो बोललाच नसता. गरज असली की माणूस तोंड उघडतो. तुमची काटकसरवाली मंडळी 'चालतंय की' म्हणून गप्प बसतात.

नौपाडकर

हे एक वाक्य मान्य. गाडीतल्या गप्पांतून काहीतरी शिकलात म्हणायचं.

बाकी वाशी_स्लो यांच्याबाबतीत माझा सिद्धांत लागू होत नाही, तेही मान्य. त्यांनी तोंड उघडलं होतं.

वाशी_स्लो

मान्य केल्याबद्दल आभारी आहे. तुमचाच सल्ला करून बघितला आहे, बाहेर मुलाखत दिली. महापेची कंपनी. पसंत आहे म्हणाले, आणि लगेच मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप मागितल्या. आता त्या कमी मिळालेल्या पगारावरच नवीन टक्के लावणार.

एचआरवाली_घणसोली

हो, आम्हीही मागतो. स्लिपच्या आधी तुमचा अपेक्षित आकडा मेलवर लेखी द्या, टक्क्यांत नको, रुपयांत. त्या पदाचा बाजारभाव काढून द्या. एकदा स्लिप गेली की आकडा वर सरकवणं आमच्याही हातात राहत नाही.

वाशी_स्लो

स्लिप काल पाठवली.

वाघबीळवाला

अजून ऑफर लेटर आलं नाही ना? मग आज मेल करा. ड्राफ्ट इथे टाका, मी बघतो. नौपाडकर, तुम्हीही बघा, आकड्यांत बरे आहात.