वाचनालयातली पुस्तकं दुकानासारखी विषयवार लावावीत का? सल्ला हवा (नागपूर)

धरमपेठी
नमस्कार मंडळी. आमचं वाचनालय शासनमान्य, 'ब' वर्ग, पश्चिम नागपुरातलं. काउंटरवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागायची पद्धत बंद करून आम्ही मुक्तद्वार केलं. वाचक रॅकपाशी जाऊ लागले, पण कुणाला काही सापडत नाही. मांडणी ड्युईप्रमाणे, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे, शिस्तीत आहे. अडचण अशी की मराठी कथा-कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ याच आकड्याखाली येतात. रहस्यकथा, ऐतिहासिक, ग्रामीण, सगळं लेखकाच्या आडनावाने एका रांगेत. बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात माणूस पाटी वाचून सरळ हव्या त्या कपाटाशी जातो. तशा पाट्या लावून सगळी मांडणीच बदलावी असं कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं आहे. कुणी केलंय का? कुठून सुरुवात करावी?

खामल्याचा वाचक
करून टाका भाऊ. ते आकडे आमच्यासारख्याला काय समजून राहिले? एक करा, नवीन आलेली पुस्तकं दाराशीच वेगळी ठेवा. आणि एमपीएससीचं सगळं अभ्यासिकेत न्या. ती पोरं रॅकमध्ये बसून वाचतात, आम्हाला वाटच मिळत नाही.

निवृत्त ग्रंथपाल
घाई करू नका. दुकानाला पुस्तक खपवायचं असतं, वाचनालयाला तेच पुस्तक वीस वर्षांनी पुन्हा काढून द्यायचं असतं. दुकानात पाट्या खपानुसार बदलतात. 'प्रेरणादायी' या पाटीखाली आज जे ठेवाल ते उद्याचा कर्मचारी 'मानसशास्त्र' मध्ये टाकेल, आणि परवा वाचकाला सांगावं लागेल की पुस्तक हरवलं. ड्युईने १८७६ साली पद्धत काढली ती विषयाला ठरलेला आकडा मिळावा म्हणूनच.

महालची ग्रंथपाल
काकांचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. वर्गांक, म्हणजे ड्युईचा आकडा, काढूच नका. पुस्तकाच्या पाठीवरचं लेबल तसंच राहू द्या, दाखल नोंदवहीला हात लावू नका. बदलायची फक्त जागा. वरच्या बाजूला रंगीत पट्टी चिकटवा आणि संगणकात त्या पट्टीचं नाव टाका. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात 'कलेक्शन कोड' नावाची सोय याचसाठी आहे, बारकोड स्कॅन करून गठ्ठाच्या गठ्ठा एकदम बदलता येतो. पट्टी संगणकात चढल्याशिवाय पुस्तक हलवायचं नाही, एवढा एक नियम पाळा. मग कर्मचारी बदलला तरी पुस्तक हरवत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा' हेच आहे, त्यामुळे शास्त्राशी भांडण होत नाही.

सगळं हलवायची गरजही नाही. इतिहास, शेती, पाककृती, आरोग्य हे विषय ड्युईत बऱ्यापैकी एकत्र बसतात, तिथे नुसती मोठी मराठी पाटी पुरते. हलवायचं ते कथा-कादंबरी आणि बालविभाग. बालविभागापासून सुरू करा, तिथे वाद कमी.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावी २००७ मध्ये ड्युईशिवाय ग्रंथालय उघडलं, तेव्हा बरीच चर्चा झाली होती. पण ती शाखाच नवी होती, जुनी लेबलं बदलायचा व्याप नव्हता. शिवाय तिकडच्या पुस्तक-व्यवसायाची विषययादी, बायसॅक, जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात बायबल हा स्वतंत्र मुख्य विषय आहे. आपल्याला संतसाहित्य हवं, ललित हवं, आत्मकथनं हवीत, दिवाळी अंक हवेत, आणि नागपुरात आहात तर 'विदर्भ' हे एक कपाट हवंच.

इंदोऱ्याहून
मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. बाबासाहेबांवरची आणि बाबासाहेबांची पुस्तकं ड्युईत चारी दिशांना जातात. संविधान ३४२, जातिव्यवस्था ३०५.५, चलनाचा प्रश्न ३३२, धम्म २९४.३, चरित्र ९२० च्या आसपास. आणि २०० च्या धर्मवर्गात २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, बाकी जगाला २९०! १९५६ ची दीक्षा ज्या शहरात झाली तिथे 'आंबेडकरी विचार' ही पाटी दारातून दिसली पाहिजे. दसऱ्याच्या सुमाराला बाहेरगावचे लोकही येतात, ते काय आकडे शोधत बसतील?

निवृत्त ग्रंथपाल
पाटीला हरकत नाही. पण दलित आत्मकथनंही त्याच कपाटात कोंबणार का? मग आत्मकथनांच्या रांगेत ती कधीच दिसणार नाहीत. साहित्य म्हणून वाचायचं पुस्तक वेगळ्या कोपऱ्यात गेलं की ते ठरावीक लोकच उचलतात.

इंदोऱ्याहून
हे मात्र पटलं काका. आत्मकथनं आत्मकथनांत, कविता कवितेत. त्या कपाटात विचार, धम्म, संविधान आणि चळवळीचा इतिहास तेवढा.

महालची ग्रंथपाल
आणि ज्याच्या दोन प्रती आहेत त्याची एकेक दोन्हीकडे. एकच असेल तर दुसऱ्या जागी पुठ्ठ्याचा डमी ठेवून त्यावर 'अमुक कपाटात पहा' लिहायचं.

मानेवाड्याची
अवांतर, पण महत्त्वाचं. रॅक हलवताना कूलरच्या तोंडासमोर एकही ठेवू नका. मे महिन्यात गारव्याला म्हणून रॅक खिडकीशी सरकवतात आणि पावसाळ्यापर्यंत कागद फुगून बुरशी धरलेली असते. रंगीत पट्ट्यांवर साधी सेलोटेप लावली तर एका उन्हाळ्यात डिंक पिवळा पडून सुटते. चांगल्या गोंदाने चिकटवा.

धरमपेठी
सगळ्यांचे आभार. कार्यकारिणीपुढे असं ठेवतो: वर्गांक तसाच, आधी बालविभाग, मग कथा-कादंबरी, आणि 'विदर्भ' व 'आंबेडकरी विचार' ही दोन नवी कपाटं. वार्षिक पडताळणीला पुस्तकं खाली उतरतातच, तेव्हाच पट्ट्या लावून घेऊ. आता एकच अडलंय. ऐतिहासिक कादंबरी इतिहासाशेजारी ठेवायची की कादंबऱ्यांत?

महालची ग्रंथपाल
कादंबऱ्यांत. इतिहासाशेजारी ठेवलीत तर पोरं ती प्रकल्पाला संदर्भ म्हणून वापरतील.

खामल्याचा वाचक
मोठेही वापरतात ताई.