चर्चमध्ये मिस्सानंतर (रविवारच्या प्रार्थनेनंतर) मतदारयादीचं टेबल लावायचंय, काय चालतं काय नाही?

निर्मळची_पोर
आम्ही वसईतले. लोकसभेला २० मे २०२४ म्हणजे सोमवार होता, शनिवार-रविवार जोडून अर्धी आळी बाहेर गेलेली आणि जे मतदानाला गेले त्यातले काही यादीत नाव नाही म्हणून परत, माझी मावशी तासभर लाइनीत उभी राहून तशीच घरी आली. आता फादर म्हणाले युथ ग्रूपने रविवारी मिस्सानंतर टेबल लावा, पुढच्या लोकसभा-विधानसभेआधी सगळ्यांची नावं नीट करून घ्या. ते ठीक, पण चर्चच्या कौन्सिलमधले एक अंकल म्हणतायत कोणत्या उमेदवाराने आपल्यासाठी काय केलं ते छापून वाटू, आणि एका आंटीने तर सरळ विचारलं, "फादर सांगतील ना कुणाला द्यायचं?" 😅 काय करू?

आगाशी_लोकल
आधी आडनावं बघा बाई. आमच्याच घरात बाबा घोन्सालवीस, मी गोन्साल्विस आणि काकू घोन्साल्वीस, त्यामुळे नावाने शोधलं की कोणीच सापडत नाही आणि लोक घाबरतात की नाव उडालं. मतदार कार्डावरच्या नंबराने शोधा, लगेच निघतं. स्पेलिंग सुधारायला आणि पत्ता बदलायला फॉर्म ८, नवीन नावाला फॉर्म ६. लग्न होऊन दुसऱ्या गावातून आलेल्या सुनांना मुद्दाम विचारा, त्यांची नावं हमखास माहेरीच असतात. अठरा पूर्ण व्हायच्या तारखा आता वर्षाला चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, सतरा पूर्ण झालेली पोरं आधीच अर्ज करू शकतात. आणि उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं नाव चढत नाही, तेव्हा धावपळ करून उपयोग नाही.

कोर्टात_जाणारा
अंकलना थांबवा. १९८८चा कायदा आहे, देवळाची, चर्चची, मशिदीची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही आणि जबाबदारी जागा सांभाळणाऱ्यावर, म्हणजे निस्तरायचं फादरांना. धर्माच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण, २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या सात जजांनी ४ विरुद्ध ३ ने त्याचा अर्थ अजून रुंद केला, मतदाराच्या धर्मावरून आवाहन केलं तरी तेच. ती केस आपल्या सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीची होती बरं का. चर्चचे स्वतःचे नियमही पाद्रींना पक्षाच्या कामात पडू देत नाहीत. मत द्या हे मात्र फादर बिनधास्त सांगू शकतात, कॅटेकिझममध्येच, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकातच, मतदान हे कर्तव्य म्हटलंय.

हिरवी_वाडी
नुसते फॉर्म भरून काय होणार? लोकांना विचारायचंय पाणी कधी, वाड्यांवर बिल्डर कशाला. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या साइटवर असतात, गुन्हे, मालमत्ता सगळं त्यांनीच लिहिलेलं. ती घरोघरी मोबाइलवर दाखवा ना, चर्चबाहेर, स्वतःच्या नावाने, आणि सगळ्या उमेदवारांची. आवडत्या एकाला गाळलंत तर तोही प्रचारच.

निर्मळची_पोर
बरं, टेबलावर फक्त यादी आणि फॉर्म, बाकीचं आम्ही आळीत बघू. अंकल रुसलेत. आखातातल्या भावाचं काय पण?

आगाशी_लोकल
भारतीय पासपोर्ट असेल तर फॉर्म ६अ, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन इथेच यावं लागेल. आणि ८५च्या वरच्या आजी-आजोबांची नावं वेगळ्या वहीत लिहून ठेव, त्यांना घरून मतदान मिळतं पण त्यासाठीचा १२डी फॉर्म निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, आमच्या आजीचा तसाच राहिला होता.