बुद्धिबळात एफ७ वर घोड्याचे बलिदान दिल्यानंतर हल्ला का विरतो?

प्रश्न: मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होतो. 'दोन घोड्यांचा बचाव' या डावाच्या सुरुवातीत काळ्याने पाचव्या चालीला डी५ (एफ७, डी५ ही पटावरच्या घरांची नावे) वरचे प्यादे घोड्याने मारले, म्हणून मी एफ७ वर घोड्याचे बलिदान दिले. राजाने तो मारताच माझ्या वजिराने एफ३ वरून शह दिला आणि काळा राजा ई६ वर आला. मग मी उंटाने डी५ वरचा घोडा मारला. वजिरावजिरी झाली आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात माझा घोडा गेला. चूक नेमकी कुठे झाली?

उत्तर १: आठव्या चालीत. डी५ वरचा घोडा राजापुढे अडकलेला असतो (तो हलला तर राजाला उंटाचा शह बसतो), त्यामुळे तो लगेच मारण्याऐवजी दुसरा घोडा सी३ वर आणून दाब वाढवावा. काळा बी४ किंवा ई७ वर दुसरा घोडा नेऊन डी५ वरच्या घोड्याला आधार देतो, पण त्याचा राजा भर पटावर उघडाच राहतो. बलिदान दिल्यावर मोहरी बदलण्याची घाई कशाला?

उत्तर २: वरील सल्ला योग्यच आहे, मात्र जाणकार प्रतिस्पर्धी पाचव्या चालीला घोडा ए५ वर नेऊन उंटालाच हुसकावतो आणि एक प्यादे गमावून मोहरी झपाट्याने बाहेर काढतो, तेव्हा हे बलिदान मिळतच नाही. मला स्वतःला इव्हान्स गॅम्बिट (प्याद्याचे बलिदान देऊन हल्ला करण्याची एक सुरुवात) अधिक भावतो. त्यात बी४ वर फक्त प्यादे द्यावे लागते, आणि १९९५ साली रीगा येथे जगज्जेत्या कास्पारॉव्हने त्याच मार्गाने आपल्या आनंदला २५ चालींत हरवले होते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सी३ ची चाल मला सुचलीच नव्हती.