चालकाची सीट पुढे-मागे हलते. घरी दुरुस्त करता येईल का?

प्रश्न

नमस्कार. माझ्या बारा वर्षे जुन्या गाडीची चालकाची सीट गेल्या दोन महिन्यांपासून खिळखिळी झाली आहे. ब्रेक दाबला की सीट माझ्यासकट थोडी पुढे जाते आणि खालून ‘टक्’ असा आवाज येतो; गाडीने पुन्हा वेग घेतला की तसाच आवाज करून ती मागे येते. ही हालचाल पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, परंतु क्लच दाबताना पायाच्या रेट्याने सीटच मागे जात असल्यामुळे क्लच नेमका कुठे पकडतो याचा माझा अंदाज चुकू लागला आहे आणि चढावर गाडी दोनदा बंद पडली. हीच गाडी माझी आईही चालवते. तिची उंची कमी असल्यामुळे सीट जवळजवळ रोज पुढे-मागे करावी लागते, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते.

गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा तेथील कारागिराने पुढचे दोन बोल्ट आवळून दिले. दोन दिवस फरक पडल्यासारखे वाटले आणि मग पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पूर्ण सीट बदलावी लागेल असे सांगण्यात आले, पण नेमके काय झिजले आहे किंवा तुटले आहे, हे विचारूनही कळले नाही. माझ्याकडे सॉकेट पान्यांचा संच, रॅचेट आणि चांगली विजेरी आहे. ऑइल, फिल्टर यांसारखी कामे मी स्वतः करतो. हे काम घरी करण्याजोगे आहे का, आणि असल्यास सुरुवात कुठून करावी?

पहिला प्रतिसाद

काम घरी करण्याजोगे आहे, मात्र पाना हातात घेण्याआधी सीट नेमकी कोणत्या जोडावर हलते आहे ते शोधा. ‘सीट हलते’ या एकाच तक्रारीमागे निदान चार वेगळी ठिकाणे असू शकतात, आणि चुकीच्या ठिकाणचा बोल्ट कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. तुमच्या बाबतीत गॅरेजमध्ये बहुधा हेच झाले असावे.

सीटची रचना थोडक्यात अशी असते. गाडीच्या तळाला प्रत्येक बाजूस एक खालचा रूळ पक्का बसवलेला असतो आणि तो सामान्यतः पुढे एक व मागे एक अशा दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्या रुळात वरचा रूळ सरकतो आणि सीटचा सांगाडा या वरच्या रुळांवर उभा असतो. दोन रुळांच्या मध्ये पोलादी गोळ्या किंवा नायलॉनचे सरक-तुकडे असतात. सीट जागेवर धरून ठेवण्याचे काम बोल्ट करत नाहीत, ते लॉक करते: खालच्या रुळात ओळीने खाचा असतात आणि वरच्या रुळावरची दातेरी पट्टी स्प्रिंगच्या जोराने त्या खाचांत बसते. सीटखालचा आडवा दांडा उचलला की दोन्ही बाजूंची लॉक एकाच वेळी सुटतात आणि सोडला की दोन्ही बसतात, निदान बसायला हवीत.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, दुसऱ्या कोणाला तरी सीटवर बसवा आणि त्यांना पाय रेटून सीट पुढे-मागे हलवायला सांगा. तुम्ही दाराशी खाली बसून एका बोटाचे टोक खालचा रूळ आणि गाडीचा तळ यांच्या सांध्यावर ठेवा. तेथे हालचाल जाणवली तर बोल्ट सैल आहेत, बोल्टाखालचे आटे गेले आहेत किंवा तळाचा पत्रा गंजला आहे. तेथे काहीच जाणवले नाही तर बोट वर सरकवून दोन रुळांच्या मधल्या सांध्यावर ठेवा. येथे पुढे-मागे हालचाल असेल तर लॉक पाहावे. वर-खाली किंवा आडवी डुगडुग असेल तर गोळ्या वा सरक-तुकडे झिजलेले आहेत. त्याच्याही वर, उंची कमी-जास्त करणाऱ्या दुव्यांच्या पिना झिजल्या की सीटची बैठक डुलते, पण रूळ स्थिर राहतात. फक्त पाठ हलत असेल तर पाठ कलती करणाऱ्या दातेरी चकतीत दोष असतो. तो भाग उघडण्याच्या फंदात पडू नये, अख्खा बदलावा.

हीच तपासणी चारही कोपऱ्यांवर करा, कारण डावी आणि उजवी बाजू सारखी हलत नसेल तर दोष कुठे आहे हे अर्धे तेथेच कळते. तुम्ही सांगितलेली लक्षणे, म्हणजे ब्रेकला पुढे, वेग घेताना मागे आणि दोन्ही वेळा ‘टक्’, ही मला बोल्टांपेक्षा लॉकची जास्त वाटतात.

दुसरा प्रतिसाद

माझ्या जुन्या गाडीची सीट अशीच हलत होती. मी बोल्ट काढून रुळाखाली दोन-दोन जाड वॉशर घातले आणि पुन्हा आवळले. तीन वर्षे झाली, काही त्रास नाही. आधी एवढे करून पाहावे असे मला वाटते.

तिसरा प्रतिसाद

वॉशर घालण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. रुळाचा पाय तळावर पूर्ण टेकलेला असतो तेव्हा धक्क्याचा भार त्या संपूर्ण पृष्ठभागावर वाटला जातो. खाली वॉशर आले की तोच भार वॉशरएवढ्या जागेवर येतो, बोल्टाचे जितके आटे नटात बसत होते तितके बसत नाहीत, आणि चार कोपऱ्यांची उंची थोडीही कमी-अधिक झाली तर रूळ पिळला जाऊन लॉक अर्धवट बसू लागते. शेजारच्या सीटखाली बसणाऱ्याचे वजन ओळखणारा सेन्सर असेल तर त्याची मोजणीही बिघडू शकते. तीन वर्षांत त्रास झाला नाही, एवढ्यावरून ती जोडणी अपघातात टिकेल असे म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी १७ क्रमांकाच्या नियमानुसार सीट आणि तिची जोडणी यांची चाचणी गुरुत्वाच्या किमान २० पट मंदनाखाली, म्हणजे वेग तितक्या झपाट्याने कमी करून, घेतली जाते. २० किलोची रिकामी सीट धरली तरी तिचा ओढा त्या क्षणी ४०० किलो वजनाइतका होतो, आणि सुरक्षा पट्ट्याचे बक्कल सीटलाच जोडलेले असेल तर माणसाच्या भाराचा मोठा हिस्साही त्याच बोल्टांवर येतो. रूळ टेकतो त्या जागी कार्पेटची घडी किंवा गंजाची पापुद्रे असतील तर ती साफ करावीत. खाली काही भरणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रश्नकर्त्यांना एक सूचना करतो. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातील तारा दिसल्या तर त्या सीटमधील एअरबॅगच्या किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात, आणि दोन्हींमध्ये स्फोटक असते. सीट जागेवर ठेवून नुसता बोल्ट तपासायचा असेल तर त्या तारांना हात लावण्याचे कारणच नाही. सीट उचलायची असेल तर मात्र आधी इग्निशन बंद करावे, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि निदान दहा मिनिटे थांबावे; गाडीच्या पुस्तिकेत जास्त वेळ दिला असेल तर तितका वेळ थांबावे. कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नये, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. त्या तारांना मल्टिमीटर तर कधीच लावू नये.

बोल्ट बदलावा लागलाच तर लोखंडी सामानाच्या डब्यातला हाताला लागेल तो बोल्ट वापरू नका. मूळ बोल्टाच्या डोक्यावर बहुधा ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की पोलादाची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० चा, तर ४.६ चा साधा बोल्ट जेमतेम ४०० चा. दिसायला दोन्ही अगदी सारखे असतात. आवळण्यासाठी टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजून दाखवणारा पाना, वापरावा. अनेक गाड्यांत सीटच्या बोल्टांचा टॉर्क ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, परंतु आपल्या गाडीचा नेमका आकडा दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावा. चारही बोल्ट आधी हाताने बसवावेत, सीट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून रूळ समांतर झाल्याची खात्री करावी आणि मगच शेवटचे आवळावे. तळाच्या नटाचे आटे गेले असतील किंवा पत्राच गंजून फाटला असेल तर ते घरचे काम राहत नाही, आणि रुळाला वेल्डिंग तर कोणाकडूनही करवून घेऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी आईला सीटवर बसवून सांगितल्याप्रमाणे चारही कोपरे तपासले. दाराच्या बाजूला काहीच हालचाल नव्हती. हँडब्रेकच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात रूळ आणि तळ यांच्या सांध्यावर अगदी किंचित काही जाणवले. तेथील बोल्टाला पाना लावला तर तो जवळजवळ पाव फेरा फिरला. गॅरेजमध्ये फक्त पुढचे दोन आवळले होते, हा तिसरा राहून गेला होता. शेजाऱ्यांकडून टॉर्क पाना आणून पुस्तिकेप्रमाणे तो आवळला.

त्यानंतरही ‘टक्’ कायम राहिले, पण आता ते कुठून येते हे बोटाला स्पष्ट कळत होते: हँडब्रेकच्याच बाजूला, दोन रुळांच्या मधून. सीट पूर्ण मागे सरकवून विजेरीने पुढून पाहिले तर खाचांच्या ओळीवर काळे, चिकट ग्रीस साचलेले होते. त्यात केस, वाळूचे कण, एक नाणे आणि दातेरी पट्टीच्या अगदी खाली आडवी अडकलेली एक केसांची पिन होती. पिनेचा मधला भाग दातांच्या दाबाने चपटा झाला होता. नाणे आणि पिन चिमट्याने काढली आहे. आता आवाज बराच कमी झाला आहे, तरी दांडा सोडल्यावर दाराच्या बाजूचे लॉक लगेच बसते आणि या बाजूचे थोडे उशिरा, कधीकधी सीट हलवल्यावरच बसते. यापुढे काय करावे?

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

चपटी झालेली पिन म्हणजे ती तेथे बरेच दिवस होती. एका बाजूचे लॉक पूर्ण बसत नसताना संपूर्ण सीट दुसऱ्या बाजूच्या लॉकवर टांगलेली राहते आणि प्रत्येक ब्रेकला थोडी तिरकी होते. तो मागचा बोल्ट सैल होण्याला हा सततचा हिसका कारणीभूत असू शकतो. ही स्थिती धोक्याची होती, म्हणून लॉक दोन्ही बाजूंना आपोआप बसू लागेपर्यंत आईंना गाडी देऊ नये, आणि तुम्हीही चालवू नये.

उशीर होण्याची कारणे तीनच असतात. पहिले म्हणजे जुने, घट्ट झालेले ग्रीस. रूळ कोरड्या कापडाने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने स्वच्छ करा, खाचांतली घाण लाकडी काडीने काढा आणि मग पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर फक्त सरकण्याच्या जागी लावा. गंज सोडवणारा फवारा ग्रीसऐवजी वापरू नका; त्याने आहे ते ग्रीसही धुऊन जाते. दातांवर ग्रीसचा थर नको, तेथे पुन्हा धूळच चिकटेल. दुसरे कारण म्हणजे लॉकच्या स्प्रिंगचा आकडा, म्हणजे हुकासारखे वळलेले टोक, खाचेतून निसटलेला असणे. दाराच्या बाजूची स्प्रिंग कशी बसली आहे ते पाहून दुसरी बाजू तिच्याशी ताडून पाहा. मोबाइलने दोन्हींचे फोटो काढले की फरक चटकन दिसतो. स्प्रिंग पक्कडीने ओढताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, ती सुटली तर थेट तोंडावर येते. तिसरे म्हणजे आडवा दांडाच वाकलेला असणे. मागून येणारी माणसे त्यावर पाय देतात आणि तो एका बाजूला दबतो. मग दांडा सोडला तरी त्या बाजूची पट्टी अर्धवट उचललेलीच राहते. असे असेल तर दांडा सरळ करत बसू नये, नवा घालावा.

झाल्यावर सीट एकेका खाचेवर थांबवत पहिल्यापासून शेवटपर्यंत न्या, आणि प्रत्येक ठिकाणी दांडा सोडल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज एकदमच येतो का ते ऐका. त्यानंतर दांड्याला हात न लावता, पाय रोवून सीट जोराने पुढे आणि मागे रेटा. एखादा मिलिमीटर ढिलेपणा नव्या गाडीतही असतो; तो राहिला तर त्याच्या मागे लागू नका.

प्रश्नकर्ता

स्प्रिंगच निघाली. तिचा मागचा आकडा खाचेतून निसटून नुसता पट्टीच्या कडेवर टेकला होता, दोन फोटो शेजारी ठेवल्यावर ते लगेच लक्षात आले. रूळ स्वच्छ करून ग्रीस लावले, स्प्रिंग बसवली आणि सांगितल्याप्रमाणे सगळ्या खाचा तपासल्या. दोन ठिकाणी आवाज अजून मागे-पुढे येत होता, तेथे आणखी थोडी घाण निघाली. दांडा सरळच आहे. आज मोकळ्या रस्त्यावर आधी सावकाश आणि मग जोराने ब्रेक दाबून पाहिले, सीट जागची हलली नाही आणि क्लचही पूर्वीच्याच जागी पकडतो. आईने स्वतः सीट पुढे घेऊन दोन्ही बाजूंचा आवाज ऐकला आणि मगच गाडी बाहेर काढली. तो पाव फेरा फिरलेला बोल्ट पंधरा दिवसांनी टॉर्क पान्याने पुन्हा तपासेन आणि तो पुन्हा सैल निघाला तर येथे लिहीन.