आई वॉर्डात असणे हा अडथळा नव्हे

पालकांना बालरुग्ण विभागात सतत थांबू दिले तर परिचारिकांचे काम वाढते, असे या चर्चेत एका सदस्याने लिहिले आहे. नवजात शिशूंच्या कक्षात अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत वेगळे आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयातील मुलांच्या हिताचा विचार करणाऱ्या प्लॅट समितीने १९५९ मध्येच पालकांच्या भेटीच्या वेळांवरील निर्बंध उठवण्याची शिफारस केली होती, आणि आपल्याकडे दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभवानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये कुटुंबाच्या सहभागाने शुश्रूषा करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सुरुवातीला पालकांना शिकवण्यात वेळ जातो, हे खरेच. पण कोपरापर्यंत हात धुऊन आलेली आई वाटी-चमच्याने थेंबथेंब दूध पाजू लागते, तेव्हा बाळाच्या ओठांवर आलेली निळसर छटा, म्हणजे प्राणवायू कमी पडत असल्याची खूण, कित्येकदा माझ्याआधी तिच्याच लक्षात येते. बाबांनीही बाळाला छातीशी घ्यावे, असा माझा आग्रह असतो. ते आधी संकोचतात, मग उठायला तयार नसतात. खरी अडचण आहे ती रात्रपाळीतल्या अपुऱ्या मनुष्यबळाची आणि टाके ओले असलेल्या आईला पाठ टेकायला एक खुर्चीही न मिळण्याची.