चर्चा: आकृती काढली म्हणजे ज्ञानप्रणाली झाली का?

अनुमान
‘चौकट-बाण’ यांच्या लेखातलं म्हणणं असं: व्हिजीरूलसारखं, आकृतीतून नियम बनवणारं साधन उघडा, जाणकार मिस्त्रीला शेजारी बसवा, तो सांगेल तसे चौकोन आणि बाण काढा, ज्ञानप्रणाली (जाणकाराच्या ज्ञानावरून सल्ला देणारा प्रोग्रॅम) तयार, नियम लिहिणारा माणूस मध्ये लागतच नाही. हे वाचून गप्प बसवत नाही.

शेतातल्या थ्री फेज पंपाचं निदान घ्या. मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही: एक फेज गेलाय किंवा पंप जाम आहे. ओव्हरलोड रिले ट्रिप होतो: व्होल्टेज कमी, बेअरिंग धरलंय किंवा चालू असताना एक फेज उडालाय. मोटर फिरते पण पाणी येत नाही: फूट व्हॉल्व्ह गळून प्रायमिंग उतरलंय, नाहीतर डीपीवर काम झाल्यावर दोन फेज उलटसुलट जोडले गेलेत आणि मोटर उलटी फिरतेय.

हे झालं ज्ञान. फ्लोचार्टमध्ये उतरतो तो प्रश्न विचारायचा क्रम. शेतकरी ‘तिन्ही फेज तपासलेत, आहेत’ असं आधीच सांगत असला तरी आकृती त्याला पहिल्या चौकटीपासून चालवते. क्लिप्समध्ये, म्हणजे जर-तरचे नियम लिहून चालवायच्या साधनात, तीच माहिती फॅक्ट म्हणून टाकली की लागू पडणारे नियम आपोआप पुढे येतात. माहिती आणि नियम जुळवणारा रीटी अल्गोरिदम त्यासाठीच आहे.

आणि व्होल्टेजचा प्रश्न? तो ट्रिपच्या फांदीत येतो, ‘स्टार्टर धरत नाही’च्या फांदीत येतो, ‘पाणी कमी पडतं’मध्येही येतो. 415 च्या 10 टक्के खाली, म्हणजे साधारण 373 व्होल्ट, ही मर्यादा तीन चौकटींत लिहिली जाते. उद्या ती 360 करायची ठरली की दोन ठिकाणी बदलते, तिसरीकडे राहून जाते. मग एकाच मोटरीला दोन वाटांनी दोन वेगळी निदानं मिळतात.

चौकट-बाण
तुम्ही 1980 च्या फ्लोचार्टशी भांडताय. व्हिजीरूलमधली आकृती आकृतीच राहत नाही. तिच्यातून फ्लेक्स या नियमभाषेतले नियम तयार होतात, त्यांचा प्रोलॉग या तर्कभाषेतला कोड होतो, आणि तो कोड उघडून वाचताही येतो.

तीन ठिकाणच्या मर्यादेचं म्हणाल तर डीएमएनमध्ये (निर्णय आकृती आणि तक्त्यांत मांडायची प्रमाण पद्धत) ‘पुरवठा पुरेसा आहे का’ हा एक स्वतंत्र निर्णय करा, एका आयतात. खाली लंबगोलात तीन फेजचं व्होल्टेज, वर तिन्ही निदानांकडे जाणारे बाण. 373 हा आकडा एकदाच येतो. ही आकृती प्रश्नांचा क्रम सांगतच नाही, कोणता निर्णय कशावर टेकलाय ते सांगते.

मुख्य मुद्दा तर तुम्ही टाळलात. क्लिप्सचे कंस वाचून मिस्त्री चूक दाखवणार आहे का? आकृतीवर तो बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘इथं चुकलंय, आधी फ्यूज बघायचा.’

रकानेवाला
डीएमएनचा विषय निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं सांगतो. तिच्यात प्रत्येक निर्णयाचा तक्ता असतो, एक ओळ म्हणजे एक नियम. त्या तक्त्याच्या कोपऱ्यात ‘एफ’ टाकणं बंद करा! एफ म्हणजे वरून पहिली जुळणारी ओळ घ्या. असा तक्ता म्हणजे लपवलेली जर-तरची साखळी. एक ओळ वर सरकवली की अर्थ बदलतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘यू’ टाका. मग एका माहितीला एकच ओळ जुळली पाहिजे. दोन जुळल्या तर चांगलं साधन लगेच तक्रार करतं.

दुसरी नेहमीची चूक सीमेवरची. एका ओळीत ‘373 पेक्षा कमी’, पुढच्या ओळीत ‘373 पेक्षा जास्त’. नेमके 373 आले की एकही ओळ जुळत नाही. प्रत्येक सीमेला तीन चाचण्या हव्यातच: 372, 373, 374.

अनुमान
स्वतंत्र निर्णयाचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण मूळ लेखात चौकोन-बाणांच्या फ्लोचार्टचीच भलामण होती. डीएमएन तुम्ही आता आणलंत.

आता ‘माहीत नाही’चं काय करता? शेतकऱ्याकडे मीटर नसतो. होय-नाहीचे पाच प्रश्न म्हणजे 32 शक्यता. प्रत्येकाला ‘माहीत नाही’ जोडा, 243. रिकाम्या रकान्यात आडवी रेघ (‘काहीही चालेल’) टाकून ओळी कमी होतात हे ठाऊक आहे. पण डीएमएनमध्ये व्होल्टेज नल (म्हणजे माहीतच नाही) असेल तर तुलनेचं उत्तर होय नसतं आणि नाहीही नसतं. कुठलीच ओळ जुळत नाही, निर्णय नल होतो आणि तोच नल वरच्या तिन्ही निदानांत झिरपतो. 1970 च्या दशकातल्या मायसिन या रोगनिदानाच्या ज्ञानप्रणालीत ‘अज्ञात’ हे उत्तर चालायचं, इतर नियम काम करत राहायचे. 0.6 आणि 0.5 अशा दोन खात्र्या एकाच निदानाकडे बोट दाखवत असतील तर एकत्र 0.8 व्हायची (0.6 आणि उरलेल्या 0.4 चा निम्मा भाग). हे आकृतीत कुठल्या चौकटीत बसवणार?

चौकट-बाण
नलसाठी वेगळी ओळ लिहायची: ‘व्होल्टेज नल, दिवा मंद: पुरवठा संशयास्पद’. लिहायला मिनिट लागतं. साधन वापरून न पाहता बोलताय असं वाटायला लागलंय.

आणि क्रम लपवण्याचा आरोप आकृतीवरच का? क्लिप्समध्ये सेलियन्स, म्हणजे नियमाचा अग्रक्रम, आहे, उणे 10,000 ते 10,000. नियम हव्या त्या क्रमानं चालावेत म्हणून लोक एकाला 100, दुसऱ्याला 90 देत सुटतात. तो फ्लोचार्टच झाला, फक्त न दिसणारा. डीईसी या संगणक कंपनीच्या एक्सकॉनमध्ये (संगणकाची जुळणी ठरवणारी ज्ञानप्रणाली) ओपीएस5 या नियमभाषेतले हजारो नियम झाले, तेव्हा एक नियम बदलल्यावर काय काय हलेल हे सांगणं तिथल्या लोकांनाही जड गेलं.

अनुमान
साधन वापरलेलं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? हा आरोप मागे घ्या. सेलियन्सचा असा वापर वाईट, याबद्दल वाद नाही.

आवृत्ती
तुमच्या दोघांच्या भांडणात खरी अडचण बाजूला राहिली. आकृती गिटमध्ये, म्हणजे फाइलच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, ठेवून पाहा. डीएमएन 1.2 पासून चौकटींच्या जागाही त्याच एक्सएमएल फाइलमध्ये साठवल्या जातात. कुणी चौकट जरा बाजूला सरकवली तरी डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) येतो, आणि 373 चं 360 झालेली ओळ त्या गर्दीत हरवते. तपासणारा ‘आकृती नीट केली’ समजून मंजुरी देतो.

चौकट-बाण
डिफ आकृतीवर रंगवून दाखवणारी साधनं आहेत की.

आवृत्ती
आहेत, पण तक्त्याच्या आतल्या रकान्यापर्यंत पोचतात का ते आधी तपासा. पोचत नसतील तर डिफच्या आधी एका छोट्या एक्सएसएलटीने (एक्सएमएल बदलायची स्क्रिप्ट) डीएमएनडीआयचा, म्हणजे चौकटींच्या जागांचा, पूर्ण भाग काढून टाका. तर्क उरतो, जागा जातात.

रकानेवाला
एवढ्यानं भागत नाही. तपासायला मिस्त्रीही हवा, आणि तो एक्सएमएल बघणार नाही. त्याच्यापुढे चाचण्यांचा तक्ता ठेवा: माहिती, जुनं निदान, नवं निदान. निदान बदललेल्या ओळीच फक्त. 365 व्होल्टला काल ‘पुरवठा कमी’ होतं, आज ‘बेअरिंग तपासा’ आलं, हे तो बघताक्षणी पकडेल.

अनुमान
हे पटलं. अशा तक्त्यावर नियम क्लिप्समधून आले की आकृतीतून, यानं काही फरक पडत नाही. पण चाचण्या सीमेवरच्या आणि नलच्या असल्या पाहिजेत. मिस्त्रीला सुचतील तेवढ्याच घेतल्या तर त्या नेहमीच्याच बिघाडांच्या निघतील.

आवृत्ती
आणि चौकट पुसून नव्यानं काढू नका, आहे तीच बदला. नवी चौकट म्हणजे नवा आयडी. तिच्याकडून येणारे बाण जुन्या आयडीकडेच बोट दाखवत राहिले तर काही साधनं फाइल उघडतानाच अडतात, काही मात्र उघडतात आणि तो निर्णय नल धरून पुढे जातात. दुसऱ्या प्रकारची जास्त घातक.