नव्या गाडीच्या बॉनेटवर ओरखड्यांची जाळी, मदत हवी आहे

मंडळी, गेल्या आठवड्यात काळी गाडी घेतली. शोरूमच्या दिव्यांत आरशासारखी चकाकत होती. रूपाभवानीला पूजा करून उन्हात उभी केली, तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे! धुळीवरच कोरडं फडकं फिरवलेलं, दुसरं काय. शोरूमवाले म्हणतात, 'साहेब, फुकट पॉलिश मारून देतो.' पण क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा (मिलिमीटरचा विसावा भागसुद्धा जेमतेम). तोही घासून पातळ करू द्यायचा का? जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडे पेंटची जाडी मीटरने मोजून मगच पॉलिशचं मशीन लावणारा कुणी डिटेलिंगवाला (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारा) माहीत आहे का? शिवाय काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आहेत, ते कशाने काढता? घरचे म्हणतात, 'कुणाला दिसतंय?' अहो, मला दिसतंय ना!